वीज कंपनीचं ऑडिट: एमबीतले खांब आणि सातबाऱ्यावरचं मंडळ

लाल_शाई

नमस्कार मंडळी,

वीजदरवाढीच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, "या कंपन्यांचं दरवर्षी एवढं ऑडिट होतं, मग खर्च फुगतो कसा?" तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण ते लांबत गेलं आणि मूळ धागा भरकटला असता. म्हणून हा वेगळा.

मी सनदी लेखापाल. आमची फर्म सरकारी वीज कंपन्यांच्या अंतर्गत लेखापरीक्षणाची कामं घेते. कंपनी कुठली, जिल्हा कुठला हे सांगणार नाही, कृपया अंदाजही बांधू नका. पद्धत सगळीकडे जवळपास सारखीच आहे आणि मला पद्धतीबद्दलच बोलायचंय.

आधी थोडी रचना. ६ जून २००५ला महाराष्ट्र राज्य वीज मंडळाचं विभाजन झालं. महानिर्मिती, महापारेषण, महावितरण आणि वर एक सूत्रधारी कंपनी, अशा चार कंपन्या झाल्या. सरकारी कंपनी म्हटली की ऑडिटचे थर आलेच. आमच्यासारखे अंतर्गत ऑडिटर वर्षभर येत-जात असतात. वार्षिक हिशेबावर सही करणारा वैधानिक ऑडिटर कंपनी निवडत नाही, कंपनी कायदा २०१३च्या कलम १३९(५)प्रमाणे त्याला कॅग नेमतं. त्याचा अहवाल आल्यावर कॅग ६० दिवसांत पुरवणी ऑडिट करू शकतं. शिवाय महालेखापालांची माणसं वेगळी येऊन व्यवहार तपासतात, हाफ मार्जिन मेमो (प्राथमिक आक्षेपाचा कागद) काढतात. त्यातलं जे शेवटपर्यंत टिकतं ते विधिमंडळात मांडलं जातं आणि सार्वजनिक उपक्रम समितीपुढे जातं.

म्हणजे डोळे भरपूर आहेत. गोची अशी की सगळे डोळे त्याच एका फायलीत घातलेले असतात.

ठेकेदाराचं बिल कसं निघतं बघा. टेंडर, वर्क ऑर्डर, बीओक्यू (कामाच्या बाबी आणि परिमाणांची यादी). काम झालं की शाखेचा अभियंता मोजमाप पुस्तकात, म्हणजे एमबीत, मोजमाप लिहितो. उपकार्यकारी अभियंता टेस्ट चेक करून सही करतो. विभागात कार्यकारी अभियंत्याची सही होते, लेखा शाखा दर गुणिले परिमाण तपासते, टीडीएस, एक टक्का बांधकाम कामगार उपकर आणि सुरक्षा ठेव कापून आरए बिल (चालू कामाचं टप्प्याटप्प्याचं बिल) सोडते. हल्ली यातलं बरंच सॅप या संगणकप्रणालीत होतं, पण आकडा तोच. मग ऑडिटर येतो आणि लेखा शाखेने केलेलंच पुन्हा करतो: वर्क ऑर्डरचा दर बरोबर, गुणाकार बरोबर, सह्या आहेत, कपात आहे. एमबीत लिहिलेला खांब शेतात उभा आहे का, हा प्रश्न या साखळीत एकदाच विचारला जातो, अगदी पहिल्या पायरीला. ती पायरी खोटी असेल तर वरच्या सगळ्या सह्या खऱ्या असूनही काही उपयोग नाही.

खरं तर खुर्चीत बसूनही थोडं कळतं. ११ केव्हीच्या लाइनला तीन तारा. एक किलोमीटर लाइन म्हणजे तीन किलोमीटर कंडक्टर आणि झोळासाठी वर दोन-तीन टक्के. दोन खांबांत ६० मीटरचा गाळा धरला तर किलोमीटरला सतरा-अठरा खांब. एमबीत पंचवीस निघाले तर कारण असू शकतं (वळणं, नाला, रस्ता ओलांडणं), पण ते कारण नकाशात दिसायला हवं. खांब पंचवीस आणि पिन इन्सुलेटर मात्र अठरा खांबांपुरतेच, असं दिसलं की मी पेन्सिल बाजूला ठेवून लाल पेन घेते.

आणि जागेवर गेलात तर एक सोपी गोष्ट. खांबाच्या लांबीचा सहावा भाग जमिनीत जायला हवा, असा नियम आहे. ९ मीटरचा सिमेंटचा खांब दीड मीटर आत आणि साडेसात मीटर बाहेर. बाहेर आठ मीटर दिसला की खड्डा एक मीटरचाच. आता असा खांब बहुतेक वेळा खडकाळ जमिनीत सापडतो, कारण तिथे खणायला कुणालाच नको असतं. आणि बिलात? बिलात त्याच खड्ड्याला कठीण खडकाचा दर लावलेला असतो, पूर्ण दीड मीटर खोलीचा! जे खणलंच नाही त्याला सगळ्यात महाग दर. पाया, अर्थिंग, खोदाईचा वर्ग: झाकलं जाणारं जे जे काम, तिथेच पैसा मुरतो.

दुसरा विषय जमिनीचा. कॅग वैधानिक ऑडिटरला कलम १४३(५)खाली जे निर्देश देतं, त्यात वीज क्षेत्रासाठीच्या उपनिर्देशांत एक प्रश्न थेट आहे: कंपनीच्या रिकाम्या जमिनीवर अतिक्रमण होऊ नये म्हणून पुरेशी पावलं उचलली आहेत का, आणि अतिक्रमित, वादातली, न वापरलेली किंवा अतिरिक्त ठरवलेली जमीन असेल तर तपशील द्या. प्रश्न चांगला आहे. कार्यालयांकडून उत्तर येतं, "निरंक". मी विचारते, शेवटची मोजणी कधी झाली? मग कपाट उघडतं, धूळ उडते आणि त्यात १९७०-८०च्या दशकातला एक ताबापावतीचा कागद सापडतो. मोजणीच नाही तर निरंक कशावरून?

बिल असो की जमीन, रोग एकच आहे. कागद कागदाशी ताडला जातो, जागेशी नाही. इंजिनिअर, ठेकेदार, महसुलातले कुणी इथे असतील तर लिहा. माझं चुकत असेल तर तेही लिहा.

अडाणी_ग्राहक

वाखूसा (वाचनखूण साठवली).

पण ताई, एक बाळबोध शंका. खांब खोटा निघाला तर नुकसान कंपनीचं, फार तर सरकारचं. माझ्या बिलात ते कसं येतं?

लाल_शाई

शंका बाळबोध नाही, सगळा मुद्दाच तो आहे.

वीजदर ठरवतो राज्याचा वीज नियामक आयोग, खर्च अधिक परतावा या हिशेबाने. कंपनीने एक लाखाचं काम भांडवली खर्चात धरलं आणि आयोगाने मान्य केलं, की साधारण ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के भागभांडवल असं गृहीत धरतात. लाइनीवर घसारा ५.२८ टक्के धरू, म्हणजे ५,२८० रुपये. सत्तर हजारांवर व्याज ९ टक्के धरू, ६,३०० झाले. तीस हजारांवर परतावा १४ टक्के धरला तर ४,२००. एकूण पहिल्याच वर्षी पंधरा हजार सातशे ऐंशी. पुढे कर्ज फिटत जातं तसा आकडा उतरतो, पण थांबत नाही. न उभारलेल्या खांबावर तुम्ही घसारा देता, व्याज देता आणि वर कंपनीला नफाही देता. आयोग छाननी करतो, पण त्याच्यापुढे येतं योजनेचं पत्रक. खांब नंबर अमुक तिथे पोचत नाही.

वीझल५५

मंडळात वायरी ओढण्यापासून सुरुवात केली आणि अधीक्षक अभियंता म्हणून निवृत्त झालो. लाल_शाई यांनी लिहिलंय ते खोटं नाही, पण अर्धं आहे.

शाखेतल्या अभियंत्याची बाजूही ऐका. त्याच्याकडे डझनावारी गावं. सकाळी जळालेली डीपी, दुपारी थकबाकी वसुली, संध्याकाळी आमदारांचा फोन, रात्री वादळ. त्यात इन्फ्रा, मग उच्चदाब वितरण प्रणाली, मग सौभाग्य, आता आरडीएसएस. एकामागून एक योजना, प्रत्येकीला मार्चअखेरचं उद्दिष्ट. मोजायला जायचं कधी? ठेकेदाराचा सुपरवायझर तयार पत्रक आणून देतो, साहेब ते पाहून एमबी लिहितात. यातले बरेच चोर नसतात हो. दमलेले असतात. चोर त्या दमण्याचा फायदा घेतो.

तुम्ही साहित्याकडे वळला नाहीत, त्याचं आश्चर्य वाटलं. जिथे कंपनी स्वतः साहित्य देते आणि ठेकेदार फक्त उभारणी करतो, तिथे स्टोअरच्या गेटपासशी ताळमेळ घालता येतो. त्याहून मजेशीर म्हणजे जुन्या लाइनीचं काढलेलं साहित्य. समजा वीझलची लाइन काढून रॅबिट किंवा डॉग (ही तारेच्या जाडीनुसार नावं) ओढली. वीझल कंडक्टर किलोमीटरला सुमारे १२८ किलो भरतो. तीन तारांची एक किलोमीटर लाइन काढली तर ३८० किलोच्या आसपास ॲल्युमिनियम-पोलाद स्टोअरला परत यायला हवं. तुटफूट धरा, चोरी धरा, तरी काहीतरी यायलाच हवं ना! मी असे बंद झालेले प्रस्ताव पाहिलेत ज्यांत नव्या तारेचा हिशेब मीटरपर्यंत होता आणि जुन्या तारेचा रकाना कोरा. कुणी विचारलंच नव्हतं. भंगाराला मालक नसतो, हा आपल्याकडचा जुना समज.

आणि करार वाचण्याबद्दल. एन्रॉनचं दाभोळ आठवतंय ना? जानेवारी २००१मध्ये मंडळाने दाभोळ पॉवर कंपनीवर ४०१ कोटींची आकारणी लावली, ती कशाच्या जोरावर? करारातल्या एका कलमाच्या. थंड संचापासून ठरलेल्या वेळात पूर्ण क्षमता गाठायची होती, कंपनीने उपलब्धता जाहीर केली आणि प्रत्यक्षात मागणी केल्यावर ती गाठता आली नाही. म्हणजे कागदावरची मेगावॅट आणि तारेतली मेगावॅट कुणीतरी ताडून पाहिली. पुढे त्याचं राजकारण, लवाद, कोर्ट जे झालं ते झालं. मी त्या कामात नव्हतो. पण आमच्या कँटीनमध्ये तेव्हा सगळे म्हणत होते, करार वाचणारा माणूस शेवटी उपयोगी पडला.

लाल_शाई

वीझलकाका, ३८० किलोचा हिशेब आता माझ्या चेकलिस्टमध्ये गेला. श्रेय तुमच्या टोपणनावाला. :)

ठेकेदाराचा_पोरगा

सगळे ठेकेदारांवर घसरण्याआधी दोन शब्द.

वडिलांपासून लाइनीची कामं करतो. काम पूर्ण होऊन बिल वर्षभर अडकतं, आणि विचारलं की एकच उत्तर, "ऑडिट ऑब्जेक्शन आहे." ऑब्जेक्शन काय तर हजर न राहिलेल्या माणसाच्या पीएफचं चलन नाही! बँक गॅरंटी नूतन करत राहायची, रिटेन्शन (बिलातून राखून ठेवलेली रक्कम) अडकलेलं, मजुरांना मात्र शनिवारी पैसे द्यायचे. बाजारातून व्याजाने उचलून काम करतो आम्ही.

आणि टेंडरचं बोला की. अंदाजपत्रकापेक्षा वीस-पंचवीस टक्के खाली दर भरून लोक काम घेतात. खालचा दर बघून सगळे खूष, फायलीवर लिहितात "कंपनीची बचत". त्या दरात ते काम होत नाही हे अंदाजपत्रक बनवणाऱ्यालाही माहीत असतं. मग ते पंचवीस टक्के भरून कुठून निघतात? ताईंनी सांगितलेल्या त्या न खणलेल्या अर्ध्या मीटरमधून. जो दीड मीटर खणतो त्याचं टेंडर लागत नाही. ऑडिटने कधी असा मेमो काढलाय का, की "दर इतका खाली होता, मग तुम्ही जास्त तपासणी का केली नाही?"

लाल_शाई

नाही काढला. काढायला हवा. फार कमी दराच्या निविदेला जादा सुरक्षा ठेव घेतात, दराचं पृथक्करण मागवतात, पण ती फाइल आणि मोजमाप तपासणारी फाइल कधी एकमेकींना भेटत नाहीत.

पीएफच्या बाबतीत मात्र थोडं भांडेन. मनुष्यबळाच्या ठेक्यात (ऑपरेटर, सफाई, सुरक्षा, बाह्यस्रोत वायरमन) बिल माणसांच्या हजेरीवर निघतं. एमबी नाही, मस्टर. मस्टरवरची नावं आणि भविष्यनिर्वाह निधीच्या ईसीआरमधले (मासिक विवरणपत्रातले) यूएएन, म्हणजे प्रत्येक कामगाराचे पीएफ क्रमांक, शेजारी ठेवले की बऱ्याच गोष्टी उघड्या पडतात. एकच यूएएन एकाच महिन्यात दोन उपविभागांत पूर्ण सव्वीस दिवस हजर. किंवा बिलात पीएफ पूर्ण वेतनावर आकारलाय आणि चलन भरलंय त्याच्या निम्म्या वेतनावर. हा फरक मजुराच्या खिशातून जातो. ठेकेदाराने पगार दिला नाही तर मूळ मालकाने तो द्यायचा, हे तत्त्व १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम २१(४)पासून चालत आलंय. म्हणजे कंपनी एकदा ठेकेदाराला देते आणि उद्या कामगार न्यायालयात हरली तर पुन्हा कामगाराला. म्हणून ते चलन मागतो आम्ही. तुम्हाला छळायला नाही.

भाड्याच्या गाड्यांचंही तसंच. बिलातला नंबर 'वाहन' या सरकारी नोंदणी पोर्टलवर टाकून पाहायचा. चारा घोटाळ्यात स्कूटरवरून जनावरं वाहून नेल्याचं निघालं होतं, ते हसण्यावारी नेऊ नका. लॉगबुक आजही कुणी वाचत नाही.

खडूस_आजोबा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पॅरा (ऑडिटचा आक्षेप) पडतो. अनुपालन टिप्पणी जाते. "नोंद घेण्यात आली आहे, भविष्यात दक्षता घेतली जाईल." पॅरा ड्रॉप होतो. ज्या साहेबाच्या काळात झालं तो तोवर बढती घेऊन दुसऱ्या परिमंडळात, ठेकेदार दुसऱ्या नावाने त्याच विभागात. चालू द्या.

बांधावरचा

जमिनीचं निघालंय म्हणून लिहितो. शेतकरी आहे, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आमच्या गावाचं ३३ केव्हीचं उपकेंद्र आमच्या आज्याच्या जमिनीत आहे. तेव्हा गावात लाइट यावी म्हणून आज्यानं दोन एकर तोंडी दिली. सरपंच, मंडळाचे साहेब, नारळ फुटला, पेढे वाटले. कागद? एक साधा कागद होता म्हणतात, रजिस्टर नाही. आज सातबाऱ्यावर आमच्या चुलत्यांसकट अकरा नावं आहेत आणि त्या दोन एकरात उपकेंद्र उभं आहे. इतर हक्कात सुद्धा नोंद नाही. चुलत्याच्या पोराला आता कुणी सांगितलंय की भरपाई मागता येते. त्याने वकील केलाय.

गंमत म्हणजे आता तीच मंडळी गावात येऊन सौर कृषी वाहिनीला जमीन भाड्याने द्या म्हणतात. उपकेंद्राच्या जवळची जमीन पाहिजे, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. भाव बरा आहे, नाही म्हणत नाही. पण लोक विचारतात, ज्यांना आधी घेतलेल्या जमिनीचा उतारा सांभाळता आला नाही, ते आता तीस वर्षांचा करार कसा सांभाळणार?

फेरफार

महसूल खात्यात आहे, एवढंच पुरे.

बांधावरचा यांनी सांगितलेली गोष्ट अपवाद नाही, गावागावांत आहे. विभाजनानंतरची स्थिती तर आणखी गुंतागुंतीची. २००५ची हस्तांतरण योजना कायद्याने आली, त्यामुळे मालमत्ता नव्या कंपन्यांकडे गेली हे खरं. पण अधिकार अभिलेख, म्हणजे सातबारा वगैरे, आपोआप बदलत नाही. तलाठ्याकडे वर्दी (हक्क बदलल्याची लेखी खबर) द्यावी लागते, सोबत कागद जोडावे लागतात, मग नोटिसा, मग मंडळ अधिकाऱ्याकडून नोंद प्रमाणित. कित्येक उताऱ्यांवर आजही "महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ" हेच नाव आहे. ते मंडळ अस्तित्वात नाही, उताऱ्यावर मात्र ठणठणीत आहे.

वर्दी का दिली जात नाही? कारण एकाच गट नंबरात दोन कंपन्या. मोठं उपकेंद्र पारेषणचं, त्याच आवारात वितरणचं कार्यालय, मागे जुनी वसाहत दोघांची मिळून. कुणाचं किती, हे पोटहिस्सा मोजणीशिवाय ठरत नाही. मोजणीची फी कुणी भरायची यावर पत्रव्यवहार सुरू होतो आणि दोन्हीकडचे साहेब निवृत्त होतात.

आता खरी धोक्याची गोष्ट, जी कंपनीवाल्यांना बहुतेक कुणी सांगत नाही. मुदत कायद्याच्या अनुच्छेद ११२खाली सरकारला दाव्यासाठी ३० वर्षं मिळतात. कंपनी सरकारी मालकीची असली तरी ती स्वतः "सरकार" नाही. तिला अनुच्छेद ६५, म्हणजे सगळ्यांसारखीच १२ वर्षं. अतिक्रमण करणाऱ्याने उघडपणे, मालकी सांगत बारा वर्षं ताबा ठेवला तर कंपनीचा हक्कच संपू शकतो. आणि २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रविंदर कौर ग्रेवाल प्रकरणात ठरवलं की प्रतिकूल ताब्याने हक्क मिळवलेला माणूस केवळ बचावातच नाही, वादी म्हणूनही दावा आणू शकतो. त्याच निकालात न्यायालयाने असंही म्हटलंय की सार्वजनिक उपयोगाच्या जमिनींवर असा हक्क निर्माण होऊ नये, आणि मुदत कायद्यात तसं स्पष्ट करणं योग्य होईल. पण अपेक्षा ती अपेक्षाच. कायद्यातली बारा वर्षं बाराच आहेत.

म्हणून "निरंक" लिहिणाऱ्या साहेबांना माझा सल्ला: कुंपणापलीकडे पत्र्याचं पहिलं शेड दिसलं त्याच दिवशी पंचनामा करा, नोटीस द्या, तारीख कागदावर आणा.

लाल_शाई

फेरफार, मनापासून आभार. ही बारा-तीसची गोष्ट मी यापुढे प्रत्येक अहवालात लिहिणार.

एक भर घालते. २०२१-२२पासून वैधानिक ऑडिटरला कारो २०२०च्या (ऑडिट अहवालात काय सांगायचं ते ठरवणाऱ्या केंद्राच्या आदेशाच्या) पहिल्याच कलमाखाली सांगावं लागतं की कंपनीच्या सगळ्या स्थावर मालमत्तेचे हक्काचे कागद कंपनीच्या नावावर आहेत का. नसतील तर मालमत्ता कोणती, पुस्तकी किंमत किती, कुणाच्या नावावर, कधीपासून आणि का, असा तक्ता द्यायचा. तो तक्ता वार्षिक अहवालात छापला जातो, कुणीही वाचू शकतो. मात्र त्यात जमीन येते ती मालमत्ता नोंदवहीतून. बांधावरचांच्या आजोबांची दोन एकर नोंदवहीत शून्य रुपयांना तरी आहे का? फुकट मिळालेली जमीन बऱ्याचदा वहीत चढलेलीच नसते. मग ती तक्त्यातही येत नाही, अतिक्रमणातही नाही. हिशेबाच्या दृष्टीने तुमचं उपकेंद्र हवेत उभं आहे, दादा.

चंद्रपूरकर

इकडचा मुद्दा कुणीच काढला नाही. औष्णिक केंद्रांत बिल आणि जमीन हे दोन्ही विषय एकाच जागी भेटतात: राखेचा तलाव.

शेकडो हेक्टर जमीन राखेखाली. तलाव भरत आला की बंधाऱ्याची उंची वाढवायची, म्हणजे मातीकाम. मातीकामाचं बिल घनमीटरवर, आणि घनमीटर निघतो आधीची लेव्हल आणि नंतरची लेव्हल यातल्या फरकातून. आधीची लेव्हल ठेकेदार आणि अभियंता यांनी एकत्र घेऊन सह्या केल्या नाहीत, तर नंतर काहीही सिद्ध करता येत नाही. माती किती किलोमीटरवरून आणली यावर वाहतुकीचा दर. दबाई किती थरांत केली हे चाचणी अहवालावर. आणि एकदा आत राख सोडली की आतला उतार देवालाच ठाऊक.

जुलै २०२२मध्ये कोराडी केंद्राचा खसाळा इथला राखबंधारा पावसात फुटला आणि राखेचं पाणी शेतात, नदीत गेलं. त्यात बिलाचा काही दोष होता असं मी म्हणत नाहीये, कृपया तसं वाचू नका. एवढंच म्हणतोय की या कामात मोजमाप चुकलं तर ते फक्त पैशाचं मोजमाप नसतं. दबाईचा एक थर कागदावर असला आणि बंधाऱ्यात नसला तर खालच्या गावाने ते भोगायचं.

आणि राख शंभर टक्के वापरायची असं केंद्राची ३१ डिसेंबर २०२१ची अधिसूचना सांगते. म्हणजे जुने तलावही हळूहळू रिकामे व्हायला हवेत. त्या जमिनीचं पुढे काय, याचं नियोजन कुणी केलंय का? प्रकल्पग्रस्तांची पोरं अजून नोकरीच्या यादीत आहेत.

जोबर्गकर

दक्षिण आफ्रिकेत आहे बरीच वर्षं. इथली सरकारी वीज कंपनी एस्कॉम. कुसिले नावाचं ८०० मेगावॅटच्या सहा संचांचं कोळसा केंद्र बांधताना ठेक्यांचे घोळ इतके झाले की विशेष तपास यंत्रणा बसली. एबीबी कंपनीने कुसिलेच्या नियंत्रण-प्रणालीच्या ठेक्यापोटी डिसेंबर २०२०मध्ये १.५६ अब्ज रँड परत करायचं मान्य केलं. त्याआधी २०१८मध्ये मॅकिन्झीने सल्लागार शुल्काचे ९०२ दशलक्ष रँड एस्कॉमला परत केले.

सांगायचा मुद्दा: इथेही अंतर्गत ऑडिट होतं, बाहेरचं होतं. पण पैसे परत आले ते तपास यंत्रणेला कोर्टात जायचे अधिकार होते म्हणून. आपल्याकडे पॅरा "वसुलीयोग्य" ठरला तरी वसूल कोण करतं? त्याच विभागाचा कार्यकारी अभियंता. लोडशेडिंग मात्र दोन्हीकडे सारखंच सोसलंय मी. :(

वीझल५५

जोबर्गकर, वसुलीचं तुम्ही नेमकं बोललात. चालू ठेक्याच्या पुढच्या आरए बिलातून कापता येते, तोवर ठीक. अंतिम बिल निघालं, सुरक्षा ठेव परत गेली, की हातात काही राहत नाही. म्हणून ऑडिट कामाच्या मध्येच व्हायला हवं. काम संपल्यावर दोन वर्षांनी आलेला ऑडिटर इतिहासकार असतो.

आणि ठेकेदाराच्या पोराला सांगतो, तुझं म्हणणं पटलं. फार खाली गेलेल्या टेंडरचं झाकलं जाणारं काम उघडं असतानाच शंभर टक्के तपासायचं, असा लेखी आदेश मी माझ्या मंडलात काढला होता. पहिल्या वर्षी फार शिव्या खाल्ल्या. बदली झाली तसा आदेशही फायलीत गेला.

अडाणी_ग्राहक

हे सगळं वाचून माझ्या गल्लीतले नवे खांब वर मान करून बघतोय. आमच्यासारख्याने नेमकं काय करायचं? माहिती अधिकार टाकला तर "व्यापारी गोपनीयता" म्हणून परत पाठवतात असं ऐकलंय.

लाल_शाई

कलम ८(१)(घ)चा आधार घेतात खरा. पण काम होऊन सार्वजनिक पैसा दिला गेला त्या कामाचं मोजमाप हे व्यापारी गुपित कसं, हे त्यांना सांगता यायला हवं. पहिलं अपील ३० दिवसांत करा.

आणि लोक एक गोष्ट विसरतात. कलम २(ञ)मध्ये केवळ कागदाच्या प्रती नाहीत, कामाची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं हेही आहे. मसुदा देते, गाळलेल्या जागा भरून घ्या:

"… उपविभागातील कार्यादेश क्र. … दि. … अंतर्गत झालेल्या लाइन उभारणीच्या कामाबाबत: (१) मोजमाप पुस्तकातील संबंधित पानांच्या प्रती, (२) अंतिम देयकाची प्रत, (३) साहित्य ताळमेळ पत्रक, जुन्या लाइनीचे काढलेले साहित्य स्टोअरला जमा केल्याच्या पावतीसह, (४) लाइनीचा मंजूर व प्रत्यक्ष नकाशा. तसेच कलम २(ञ) नुसार सदर कामाची प्रत्यक्ष पाहणी करू द्यावी व त्यासाठी दिनांक कळवावा."

दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. कार्यादेश क्रमांक माहीत नसेल तर आधी तेवढाच मागा.

फेरफार

मसुदा छान. दोन सूचना. आपल्या राज्याच्या नियमांत अर्ज १५० शब्दांपर्यंत आणि एका अर्जात एकच विषय, तेव्हा जमिनीचं यात घुसवू नका, नाहीतर तेवढ्यावरून परत येईल. जमिनीसाठी अर्जाचीही गरज नाही. गट नंबर शोधा आणि सातबारा, आठ-अ, फेरफार ऑनलाइन काढा.

बांधावरचा

आमच्या उपकेंद्राचा गट नंबर माझ्याकडे आहे. चुलत्याच्या पोराच्या वकिलाला हे सगळं वाचायला दिलं तर तो बारा वर्षांचं आमच्या बाजूने वापरेल का कंपनीच्या?

फेरफार

ते ताबा कुणाचा आहे यावर. उपकेंद्रात कंपनीच बसली आहे, तेव्हा बारा वर्षं कंपनीच मोजेल, तुम्ही नाही. उलट कंपनी म्हणेल की जमीन संमतीने मिळाली होती, आणि संमतीचा ताबा प्रतिकूल नसतो, असं तुमचा वकील म्हणेल. तो साधा कागद आधी शोधा. ग्रामपंचायतीच्या जुन्या ठराव वहीत बघा, तिथे बहुतेक नोंद असेल.